शिष्यवृत्तीचा हिशेब आणि घराचा हिशेब

'यांना सरकार फुकट शिकवते' हे वाक्य प्राध्यापकांच्या खोलीत मी अनेकदा ऐकले आहे. ते उच्चारणाऱ्याने एकतर शिष्यवृत्तीचे नियम वाचलेले नसतात, किंवा आपल्या विद्यार्थ्याचे घर पाहिलेले नसते.

अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. २०२१ च्या सुधारित नियमांत साध्या पदवी अभ्यासक्रमाला वसतिगृहात राहणाऱ्यासाठी वर्षाला ६,००० रुपये निर्वाहभत्ता ठरला. घरून ये-जा करणाऱ्यासाठी ३,०००. म्हणजे महिन्याला ५०० आणि २५०. एवढ्यात महिन्याची खाणावळही भागत नाही. परंतु रक्कम अपुरी आहे एवढेच म्हणून थांबणे म्हणजे सरकारची हिशेबाची रीत मान्य करणे होय. मूळ दोष त्या रीतीत आहे. ती एकट्या विद्यार्थ्याचा खर्च मोजते. किंमत मात्र सगळे घर मोजते.

शेतमजुराचा मुलगा कॉलेजात गेला की घराची एक मजुरी बुडते. तिला अर्जात रकाना नाही. शिष्यवृत्ती हाती पडेपर्यंत पुस्तकांचे, एसटीच्या पासाचे, खोलीच्या भाड्याचे पैसे उसने काढावे लागतात. त्यावरचे व्याज कोण धरतो? हप्ता लांबला की मदत करणारे सरकारच प्रत्यक्षात मजुराचे कर्जदार बनते, तेही बिनव्याजी. आणि भाऊ शिकावा म्हणून जिची शाळा सुटते, त्या बहिणीचे काय? तो खर्च तर रुपयांत मांडताच येत नाही.

१९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. हा आकडा आपल्याकडे पुष्कळांना पाठ आहे. त्याच काळात मुंबईत रमाबाईंनी जे दारिद्र्य सोसले, त्याचा आकडा कुठेही नाही. बाबासाहेबांनी ते ऋण जाणले होते. पाकिस्तानविषयक ग्रंथ त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण केला.

आपण पहिल्या पिढीतले पदवीधर मात्र 'मी कष्टाने शिकलो' असे सहज लिहून जातो. मीही लिहिले आहे. त्या वाक्यातला 'मी' तपासला पाहिजे. तो एकटा उरला, की 'फुकट शिकवते' म्हणणाऱ्याचे काम आपणच सोपे करतो. कारण घराचा वाटा दोघांच्याही लिखाणातून सारखाच गळतो.

म्हणून निर्वाहभत्ता प्रवेशाच्या दिवशीच हातात पडला पाहिजे, आणि तो ठरवताना बुडालेली मजुरी धरली पाहिजे. घराने सरकारला दिलेली ही उधारी आहे. ती मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही.