पेटर श्रायर : बाखच्या कथेचा निवेदक

जर्मन टेनर गायक पेटर श्रायर (१९३५–२०१९) यांची कीर्ती मुख्यतः एका भूमिकेवर उभी आहे. ती म्हणजे योहान सेबास्टियन बाखच्या पॅशन रचनांतील, ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा सांगणारा शुभवर्तमानकार. ऑपेरा आणि जर्मन भावगीत या क्षेत्रांतही त्यांचे काम मोठे आहे. पण निवेदन ही गायनातली स्वतंत्र आणि अवघड कला आहे, हे त्यांनी धर्मसंगीतातच सिद्ध केले.

श्रायर यांचा जन्म सॅक्सनीतील माइसेनचा. वडील शिक्षक होते आणि चर्चचे संगीतही सांभाळत. १९४५ मध्ये श्रायर ड्रेस्डेनच्या क्रॉइत्सकोर या मुलांच्या गायनवृंदात दाखल झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीतल्या बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख झाले होते आणि वृंदातली अकरा मुले दगावली होती. वृंदप्रमुख रुडॉल्फ माउअर्सबर्गर यांनी उरलेल्यांना गोळा करून गाणे पुन्हा उभे केले. श्रायरचा आल्टो आवाज त्यांनी हेरला आणि त्याच्यासाठी खास रचनाही केल्या. पुढे आवाज फुटल्यावर श्रायर टेनर झाले, तेव्हा बाखचे संगीत त्यांच्या अंगवळणी पडलेले होते.

१९५९ मध्ये ड्रेस्डेन येथे ‘फिडेलिओ’ या ऑपेरातील कैद्याच्या छोट्या भूमिकेने त्यांनी व्यावसायिक रंगमंचावर पाऊल ठेवले. १९६३ पासून ते बर्लिनच्या स्टेट ऑपेरात गाऊ लागले. पूर्व जर्मनीचे नागरिक असूनही त्यांना पश्चिमेत गाता येई. म्युनिकचे संगीतसंचालक कार्ल रिश्टर यांच्या संचातून त्यांचा शुभवर्तमानकार जगभर पोहोचला.

या भूमिकेत गायकाला आधार फार थोडा असतो. साथीला बहुतेक वेळ चेलो आणि ऑर्गन एवढेच. सूर सतत वरच्या पट्टीत. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानावर आधारलेल्या पॅशनमध्ये ही कसोटी जवळजवळ तीन तास चालते. निवेदकाने पात्र व्हायचे नाही, पण अलिप्तही राहायचे नाही. ख्रिस्ताचा शिष्य पेत्र याने त्याला नाकारल्याचा प्रसंग पाहावा. प्रश्नोत्तरे बोलण्याच्या लयीत झरझर जातात, कोंबडा आरवतो, आणि पेत्राच्या रडण्याशी येताच बाख तो शब्द लांबलचक स्वरावलीत ताणतो. योहानाच्या शुभवर्तमानात हे रडणे नाही. योहानाच्या पॅशनसाठी बाखने ते मत्तयाकडून घेतले, इतका हा क्षण त्याला मोलाचा वाटला. अशा जागी श्रायर यांची ताकद दिसते. व्यंजने ते धारदार उच्चारतात, वाक्याचा अर्थ पाहून गती बदलतात आणि स्वरावलीत हुंदका न आणताही वेदना पोहोचवतात.

त्यांचा आवाज भरदार नव्हता. जर्मन टेनर फ्रिट्स वुंडरलिश यांच्या स्वरातली ऊब त्यात नव्हती. तो उजळ आणि काहीसा कोरडा होता. उतारवयात तर त्याला टोकदार कडाही आल्या. नाट्याच्या ओढीने ते कधी शब्दावर गरजेपेक्षा जास्त जोर देत. तरीही हाच आवाज कथेला अनुरूप ठरला, कारण त्यातला एकही शब्द हरवत नसे. १९७० पासून ते संचालनही करू लागले. पुढे संचालन करत असतानाच शुभवर्तमानकार गाण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. ड्रेस्डेनच्या श्टाट्सकापेले वाद्यवृंदासोबतचे मत्तयाच्या पॅशनचे त्यांचे ध्वनिमुद्रण याच पद्धतीचे आहे. निवेदकाच्याच हाती लय असल्यामुळे कथा आणि समूहगान यांत सांधा राहत नाही.

दरम्यान बाखकालीन वाद्ये, लहान संच आणि हलका स्वरलगाव यांचा आग्रह धरणारी चळवळ बळावली. श्रायर आधुनिक वाद्यवृंदासोबतच राहिले. क्रिस्टोफ प्रेगार्डियन आणि त्यांचे पुत्र युलियान यांच्यासारखे नंतरचे जर्मन शुभवर्तमानकार अधिक मृदू, संभाषणाच्या जवळचे गातात. शैली बदलली, पण शब्द आधी आणि स्वराचे सौंदर्य नंतर, हा श्रायर यांचा दंडक आजही टिकून आहे.

२००० मध्ये त्यांनी ऑपेराचा निरोप घेतला. डिसेंबर २००५ मध्ये प्राग येथे बाखच्या ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’चे संचालन करत आणि शुभवर्तमानकार गात त्यांनी गायन थांबवले. वुंडरलिश यांचा गळा त्यांच्याहून सुंदर होता. पण बाखची कथा सांगण्यात त्यांच्या पिढीत श्रायर यांच्या तोडीचा दुसरा गायक नव्हता.