पाच शब्दांचा लेख

नागपूरकर भोसल्यांची एक तलवार २०२५ सालच्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये मोजून घेतली आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत येऊन पोहोचली. तिचे थाटामाटाने स्वागत झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. परंतु स्वागताच्या गुलालात एक काम मागे राहिले, ते म्हणजे तिच्या वाचनाचे. ज्या शस्त्रावर लेख कोरला आहे ते शस्त्र थोडेफार ग्रंथासारखे असते. आणि ग्रंथाने काय सांगितले याच्याबरोबरच त्याने काय गाळले, हेही जाणत्या वाचकाने विचारायचे असते.

तलवारीचे पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय बनावटीचे आहे. मूठ मुल्हेरी घाटाची असून तिच्यावर सोन्याचे कोफ्तगरी काम आहे. मराठ्यांची शस्त्रे बहुधा साधी, कामापुरती; त्यांवर नक्षी क्वचित आणि नाव त्याहून क्वचित. इथे दोन्ही आहेत. पात्याच्या पाठीवर मुठीजवळ सोनेरी देवनागरी अक्षरांत ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’ एवढा मजकूर आहे. पाच शब्द, क्रियापद एकही नाही.

या पाच शब्दांत अहंकार आहे, पण तो मोजका आहे. ‘सेनासाहेबसुभा’ ही शाहू छत्रपतींनी भोसल्यांना दिलेली पदवी. म्हणजे नागपूरच्या या पराक्रमी सरदाराने आपल्या नावाला साताऱ्याचा आधार तलवारीवरही सोडलेला नाही. शेवटचा शब्द तर फारच गमतीचा आहे. फिरंग म्हणजे फिरंग्यांच्या देशातून आलेले पाते. पाते परक्याचे, मूठ आपली, अक्षरे आपली, आणि परकेपणाची कबुलीही त्या अक्षरांतच! दर्यापलीकडून आलेली उत्तम वस्तू आपलीशी करताना तिचे मूळ लपवावे, असे त्या काळच्या माणसाला वाटले नाही.

मात्र हा लेख जितका स्पष्ट तितकाच अबोल आहे. घराण्यात रघुजी नावाचे तीन राजे झाले आणि पदवी वारशाने चालत राहिली. जाणकारांनी ही तलवार पहिल्या रघुजींची, म्हणजे १७५५ साली निवर्तलेल्या मूळ कर्त्या पुरुषाची मानली आहे. पण लेखात साल नाही. लढाई नाही, नदी नाही, गाव नाही. त्रिचनापल्ली जिंकून १७४१ साली चंदासाहेबाला कैद करणाऱ्या आणि नंतर दहा वर्षे बंगालची वाट तुडवणाऱ्या माणसाच्या शस्त्रावर ना त्रिचनापल्ली आहे, ना बंगाल.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला अगदी वेगळ्या तऱ्हेचे लेखन चालू होते. अमेरिकेत १७५४ ते १७६३ या काळात इंग्रज आणि फ्रेंच यांचे सरहद्दीवरचे युद्ध पेटले. तिथले शिपाई बंदुकीची दारू बैलाच्या किंवा गाईच्या पोकळ शिंगात भरून खांद्याला अडकवीत. त्या शिंगावर चाकूच्या टोकाने आपले नाव, तारीख, छावणीचा किल्ला आणि कित्येकदा हडसन नदीकाठच्या वाटेचा नकाशाही कोरलेला असे. कधी हे काम कसबी हाताकडून करून घेतलेले असे; पण शिंगाचा मालक बहुधा साधा माणूस, शेतकरी नाहीतर सुतार. त्या शिंगांना मोहीम ठाऊक आहे. आपल्या तलवारीला मालक ठाऊक आहे.

मग आपली मोहीम कुठे लिहिली गेली? ती बंगालात लिहिली गेली. १७४२ साली भास्करपंत कोल्हटकर फौज घेऊन बंगालात उतरले. मुर्शिदाबादेत जगत्शेठांची पेढी लुटली गेली. त्याच वर्षी काटव्याला भास्करपंतांनी दुर्गापूजा मांडली, तेव्हा ऐन नवरात्रात अलिवर्दीखानाने छापा घातला. पुढे १७४४ साली वाटाघाटीला बोलावून त्याने पंतांना आणि त्यांच्या सरदारांना तंबूत कापून काढले. हा दगा आपण विसरलेलो नाही, आणि विसरूही नये. त्यानंतर खुद्द रघुजी सूड घ्यायला गेले. अखेर १७५१ साली तह झाला. ओरिसा मराठ्यांच्या हाती आला आणि चौथाईचे सालिना १२ लाख रुपये ठरले. आपल्या पाठ्यपुस्तकात प्रकरण इथे संपते.

बंगालात ते संपत नाही. कलकत्त्याच्या लोकांनी भीतीने शहराभोवती खणायला घेतलेला ‘मराठा खंदक’ अर्धवट राहिला, तरी त्याचे नाव इतिहासात उरले. गंगाराम नावाच्या कवीने ‘महाराष्ट्रपुराण’ लिहिले. त्यात आधी लोकांच्या पापाचे शासन म्हणून मराठे येतात, आणि मग त्यांचे अत्याचार पाहून देवीच त्यांच्यावर उलटते. याहून दीर्घायुषी ठरले ते अंगाईगीत. बंगाली आई बाळाला निजवताना आजही ‘बर्गी’ आले म्हणून सांगते.

हा ‘बर्गी’ शब्द आपलाच आहे. शिलेदार म्हणजे स्वतःच्या घोड्यावर लढणारा. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारचा किंवा सरदाराचा. ज्याच्या मालकीचे घोडेसुद्धा नव्हते, तो वऱ्हाड-नागपूरकडचा गडी कोणत्याही पात्यावर आपले नाव कोरू शकला नाही. त्याचे शिंगही नाही, नकाशाही नाही. त्याची नोंद ठेवली ती त्याने ज्यांची भाताची खाचरे तुडवली त्यांच्या आयांनी, आणि तीही नावाने नव्हे, धास्तीने.

म्हणून माझे मत असे की ही तलवार एकटी वाचणे म्हणजे नुसते मुखपृष्ठ वाचून ग्रंथ मिटणे होय. मुखपृष्ठ सुंदर आहे, यात शंका नाही. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईतल्या लुटीत ती गेली असावी असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. आणि १८५४ साली राज्य खालसा झाल्यावर भोसल्यांच्या जडजवाहिराचा जो लिलाव मांडला गेला, तो आठवला की एक तरी वस्तू घरी परतली याचा आनंद कोणाला होणार नाही? लुटले जाणे म्हणजे काय, हे नागपूरला पुरते कळले आहे. ज्याला ते कळले, त्याला बंगालच्या अंगाईचा अर्थ कळायला जड जाऊ नये.

खंडेनवमीला आपण शस्त्राला हळदकुंकू वाहतो. ही तलवार ज्या दालनात मांडली जाईल तिथे तिच्या पाच शब्दांशेजारी त्या अंगाईचे शब्दही मराठीत लिहून ठेवावेत. त्याने रघुजींचा पराक्रम तसूभरही कमी होणार नाही. फक्त पाहायला आलेल्या मुलांना कळेल की पात्याला जशी पाठ असते, तशी धारही असते.