कागद आणि पाया : रोझेनवाल्ड शाळांची इतिहाससाधने

अमेरिकेच्या दक्षिणेकडील १५ राज्यांत १९१२ ते १९३२ या काळात कृष्णवर्णीय मुलांसाठी उभारलेल्या सुमारे पाच हजार ग्रामीण शाळा ज्युलियस रोझेनवाल्ड या दात्याच्या नावाने ओळखल्या जातात. हे नाव इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते? फिस्क विद्यापीठातील दफ्तरात या इमारतींची कार्डे असून त्यांवर खर्चाची विभागणी नोंदलेली आहे. एकूण बेरजेत रोझेनवाल्डनिधीचा वाटा शेकडा सुमारे १५, तर कृष्णवर्णीयांच्या वर्गणीचा सुमारे १७ भरतो. उर्वरित रक्कम बहुतांशी करांतून आली, आणि कर तर त्यांनीही भरलेच होते. म्हणजे दात्याचे दफ्तरच दात्याच्या नावास मर्यादा घालते.

तथापि कार्ड हे बांधकामाचे साधन होय, वापराचे नव्हे. छापील नकाशांनी वर्गात पूर्वेचा वा पश्चिमेचा उजेड यावा असा दंडक घातला होता. तो पाळला गेला की नाही, हे इमारत पडल्यावर पायाची दिशाच सांगू शकते. पुढील डागडुजी, पाटीपेन्सिलींचे तुकडे यांना कार्डावर रकाना नाही. म्हणून उत्खननास दफ्तराची पुरवणी लेखणे युक्त नव्हे. ते स्वतंत्र साक्षीदार आहे. आणि त्याचीही उलटतपासणी तितक्याच कठोरपणे व्हावयास हवी.