सरासरी देहाचं चिलखत

संरक्षक साधनांच्या बाबतीत 'वापरणाऱ्याला केंद्रस्थानी ठेवून केलेली रचना' हे शब्द हल्ली फार सहज उच्चारले जातात. आज आम्हाला या शब्दांनाच जरा धारेवर धरायचं आहे. उदाहरण घेऊ ते अमेरिकी लष्कराच्या चिलखताचं, म्हणजे ज्याला आपण बुलेटप्रूफ जॅकेट म्हणतो त्याचं. तिथे पैसा होता, चाचण्या होत्या, हजारो सैनिकांची मापं हाताशी होती. तरी जॅकेट अंगाला बसलं नाही.

आधी एक जुनी हकीकत. १९५० च्या सुमारास अमेरिकी हवाई दलाने वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने ४,०६३ जणांची दहा-दहा मापं तपासली आणि विचारलं, या दहाही मापांत साधारण मधोमध बसणारे किती? उत्तर आलं, एकही नाही. म्हणजे कॉकपिट ज्याच्यासाठी बेतलं होतं तो माणूस जन्मालाच आला नव्हता! हवाई दल यातून शिकलं. पुढे-मागे सरकणाऱ्या सीट आल्या, पट्टे कमी-जास्त करता येऊ लागले.

पायदळाच्या चिलखतापर्यंत ही अक्कल पोचायला आणखी साठेक वर्षं गेली. इराक-अफगाणिस्तानात वापरलेलं 'इम्प्रूव्ह्ड आउटर टॅक्टिकल व्हेस्ट' सगळ्या प्लेटांसकट साधारण चौदा किलोचं. महिला सैनिकांना त्यातलीच लहान साइज मिळायची. आता लहान साइज म्हणजे काय, तर लहान चणीचा पुरुष! बाई गाडीत बसली की जॅकेटची खालची कड मांडीवर टेकायची आणि अख्खं जॅकेट वर हनुवटीकडे सरकायचं. खांद्याशी ते इतकं रुंद, की बंदुकीचा दस्ता खांद्यात धड बसेना. बाजूच्या प्लेटा कमरेच्या हाडाला घासायच्या त्या वेगळ्याच. आणि हे जॅकेट गोळी अडवण्याच्या कसोटीत मात्र पास! नेमच धरता येत नसेल तर त्या बाईचं रक्षण झालं असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

२०१२ मध्ये फोर्ट कॅम्बेलच्या तळावर महिलांसाठीच्या नव्या जॅकेटची चाचणी झाली. अरुंद खांदे, आखूड धड, छातीशी टक्स. टक्स! आपल्याकडे ब्लाऊज शिवणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तर पाच मिनिटांत सांगितलं असतं.

आमच्या मते दोष कापणाऱ्या-शिवणाऱ्याचा नाही, कसोटीचा आहे. अमेरिकी पोलिसांच्या चिलखताचं मानक बघा. जॅकेट मातीच्या ठोकळ्यावर बांधायचं, गोळी झाडायची, मागे पडलेला खळगा ४४ मिलिमीटरपेक्षा खोल नसला की झालं. मोजणं आवश्यकच आहे, आमचा त्याला विरोध नाही. पण माती घामेजत नाही, वाकत नाही, जिना चढत नाही. तिला छातीचा उंचवटा नाही, बगल नाही. उत्पादक काय करणार? जे मोजतात तेच सुधारणार. २०२३ च्या सुधारित मानकात महिलांच्या जॅकेटसाठी चाचणीची पद्धत सुधारली, हे चांगलंच झालं. तरी अंगात जॅकेट घालून जमिनीवर लोळण घेणारा माणूस त्या खोलीत अजून आलेला नाही.

एक दाखला मात्र आम्हाला मनापासून आवडतो. २००९ मध्ये अफगाणिस्तानच्या डोंगरांत चढणाऱ्या सैनिकांना लष्कराने हलकी 'प्लेट कॅरिअर' द्यायला सुरुवात केली. त्यात अंग कमी झाकलं जातं, गळा आणि बाजू जास्त उघड्या राहतात. ठोकळ्याच्या हिशेबाने हे संरक्षण कमीच. पण चढणीवर दमछाक झालेला, आडोशापर्यंत धावू न शकणारा सैनिक कुणीतरी प्रत्यक्ष पाहिला होता, आणि त्याच्यासाठी चार किलो कमी करणं म्हणजेच संरक्षण वाढवणं, हा हिशेब कागदावर आला.