नोंदवहीच्या समासातील माणसे

आपल्या धर्मग्रामांच्या रौप्य, सुवर्ण वा शताब्दी महोत्सवानिमित्त स्मरणिका काढण्याची प्रथा आता चांगलीच रुजली आहे. मंदिराचा इतिहास आणि धर्मगुरूंची नामावली झाली, की त्यांत एखादा तरी लेख 'आमचे घराणे' किंवा 'आमचे पूर्वज' अशा मथळ्याचा असतोच. या लेखांची समीक्षा सहसा कोणी करीत नाही. घरच्या माणसाने घरच्यांसाठी लिहिले, त्याला नावे काय ठेवायची, अशी आपली भावना असते. परंतु जे लेखन पुढची पिढी खरे मानून चालणार, त्याची पारख अधिक काटेकोरपणे व्हावयास हवी, असे आम्हास वाटते. कोल्हार, राहुरी, राहाता, श्रीरामपूर या टापूतील अशा लेखनाविषयी आम्ही येथे काही लिहीत आहोत. असे लेख आम्हीही लिहिले असल्याने ही टीका आमच्यावरही आहे.

या लेखांचा साचा ठरलेला असतो. दुष्काळ पडला, परदेशी फादर घोड्यावरून आले, आजोबांनी स्नानसंस्कार घेतला, घराणे श्रद्धेत वाढले; आणि मग एक वाक्य येते: 'त्यांचे धाकटे बंधू पुढे मुंबईस गेले.' तेथे पूर्णविराम पडतो. नगर-मनमाड रस्त्याने कोल्हारचा पूल ओलांडून किंवा बेलापूर स्टेशनात गाडी पकडून गेलेले ते बंधू, त्यांची पत्नी आणि मुले त्या एका वाक्यात बुडून जातात. मागे राहिलेल्यांचा इतिहास हाच घराण्याचा इतिहास ठरतो. आमच्या मते या लेखनप्रकारातील हा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो शैलीचा नाही. लेखकाने कागद पाहिलेले नसतात, एवढेच त्याचे कारण आहे.

या बाबतीत आयर्लंडच्या कॅथलिक कुटुंबांपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावरील रोगामुळे तेथे जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देशोधडीला लागली. त्यांचे वंशज आज अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथून आपले मूळ गाव शोधीत असतात. त्यांच्या वाटेत अडचणी थोड्या नाहीत. मुलकी जन्म-मृत्यूची सार्वत्रिक नोंद तेथे १८६४ साली सुरू झाली. म्हणजे दुष्काळात गेलेल्यांना तिचा उपयोग नाही. जुन्या शिरगणतीचे बहुतेक कागद १९२२ साली डब्लिनच्या दफ्तरखान्याला लागलेल्या आगीत जळाले. हाती उरल्या त्या मुख्यतः धर्मग्रामांच्या नोंदवह्या आणि जमीनधाऱ्याची ग्रिफिथची पाहणी. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ साली या नोंदवह्यांची छायाचित्रे सर्वांसाठी विनामूल्य खुली केली.

तेथील जाणत्या संशोधकांची रीत अशी, की शोध मूळ गावापासून नव्हे, पोहोचल्या गावापासून सुरू करावयाचा. गेलेल्या माणसाचा विवाह कोणत्या मंदिरात झाला, साक्षीदार कोण होते, मुलांचे धर्ममाता-पिता कोण, थडग्यावर कोणत्या परगण्याचे नाव आहे, हे आधी पाहावयाचे. कारण परक्या शहरात माणूस गाववाल्यांनाच साक्षीला बोलावतो. मग आयर्लंडच्या वहीकडे वळावयाचे. तेथेही नुसते नाव पाहून भागत नाही. घरी आयरिश भाषेत हाक मारला जाणारा कोनोर लॅटिन वहीत कॉर्नेलिउस होऊन बसलेला असतो.

आपल्याकडची परिस्थिती यापेक्षा फार वेगळी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी या भागात मिशनकार्य उभारले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जर्मन धर्मगुरूंना स्थानबद्ध केले, मायदेशी धाडले. वह्या मात्र मागे राहिल्या. धर्मग्रामात स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या वह्या ठेवणे ख्रिस्तसभेच्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि जुन्या वह्या जपणेही. १९०८ च्या ईस्टरपासून लागू झालेल्या 'ने तेमेरे' या आज्ञापत्राने आणखी एक दंडक घातला. विवाह कोठेही होवो, त्याची खबर स्नानसंस्कार जेथे झाला त्या धर्मग्रामास कळवावी, आणि ती मूळ नोंदीजवळ लिहून ठेवावी. म्हणून गावाकडच्या वहीच्या समासात एखाद्या नोंदीशेजारी मुंबईच्या किंवा पुण्याच्या मंदिराचे नाव व तारीख आढळते. 'पुढे मुंबईस गेले' या वाक्याचा उरलेला भाग तेथे लिहिलेला असतो. आमच्या स्मरणिकांचे लेखक तेथवर जात नाहीत.

मुलकी कागदही आहेत. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार कॅथलिक विवाहांच्या नोंदींचे उतारे दर तिमाहीस सरकारी निबंधकाकडे पाठवावयाचे असतात. गावात जन्म-मृत्यूचे कोतवाल बुक होते. शाळेत जनरल रजिस्टर आहे. तलाठ्याकडील फेरफार आणि वारसांची नोंदवही पाहिली, तर गाव सोडून गेलेला भाऊ तेथे वारस म्हणून पुन्हा भेटतो. कारण घराणे माणसाला विसरले, तरी जमिनीचा कागद त्याचा हिस्सा विसरत नाही.

हे दोन प्रकारचे कागद शेजारी ठेवले, की आमच्या लेखनातील दुसरा दोष उघडा पडतो. मंदिराच्या वहीत जो याकोब आहे, तोच कोतवाल बुकात कोंडिबा असू शकतो, आणि त्याच्या नावापुढे जातही लिहिलेली असते. एक माणूस, दोन वह्या, दोन नावे. स्मरणिकेत मात्र केवळ याकोब येतो, जणू तो स्नानसंस्काराच्या दिवशीच जन्मला. जुने नाव व जात यांविषयीचे हे मौन आम्ही समजू शकतो. ज्या नावाने गावाने अवमान केला, ते पुन्हा का उच्चारावे, असे एखाद्या आजीने म्हटले तर तिला उत्तर देणे कठीण आहे. तरीही लेखक म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. कोंडिबाला वगळून याकोबाची श्रद्धा समजत नाही. त्याने काय सोसले, काय सोडले आणि त्याला काय मिळाले, हे दोन्ही नावांच्या मधल्या जागेत आहे. शिवाय मुंबईतला नातू गावी दाखला शोधावयास येतो, तेव्हा त्याला ते पहिले नावच ठाऊक नसते, आणि तो दोन्ही दफ्तरांतून रिकाम्या हाताने परततो.

तिसरा दोष स्त्रियांविषयीचा. जमिनीच्या कागदात स्त्रीच्या नावापुढे 'भ्र.' म्हणजे भ्रतार लिहून नवऱ्याचे नाव येते. आमचे लेख तेवढेही करीत नाहीत. 'त्यांची धर्मशील पत्नी' एवढ्यावर भागवतात. स्नानसंस्काराच्या नोंदीत मात्र आईचे नाव लिहावेच लागते. आयर्लंडमध्ये तर आईचे माहेरचे आडनावही बहुधा नोंदलेले असते, आणि त्यावरूनच एका नावाची दोन कुटुंबे वेगळी ओळखता येतात. जी आजी स्मरणिकेत निनावी आहे, ती वहीत नावानिशी उभी आहे.

येथे एक सावधगिरी हवी. वही हे साहित्य नव्हे. ती तारीख देते, कारण देत नाही. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० साली. नोंदवहीत या दोन ओळी असतात. मधली पाच वर्षे 'स्मृतिचित्रे' वाचल्यावाचून कळत नाहीत. आमच्या कोल्हार-राहुरीच्या घरांतही अशी अंतरे आहेत. नवऱ्याची नोंद एका वर्षाची, बायकोची चार वर्षांनंतरची, थोरल्या भावाची कधीच नाही. 'सर्व कुटुंबाने श्रद्धा स्वीकारली' असे लिहिणारा लेखक ही अंतरे पुसून टाकतो. वही पाहणाऱ्याला ती दिसतात, आणि ती दिसल्यावर घरातल्या वृद्धांना योग्य प्रश्न विचारता येतात.

शेवटी एक सूचना. बॉस्टन येथील 'पायलट' या कॅथलिक वृत्तपत्राने १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या आप्तांच्या शोधाच्या जाहिराती छापल्या. कोणी भाऊ शोधीत असे, कोणी नवरा. परगणा, धर्मग्राम आणि गाव यांची नावे त्यांत असत. आज आयरिश घराण्यांच्या इतिहासाचे ते मोठे साधन झाले आहे. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली केंदळ येथे 'निरोप्या' सुरू केला, तेव्हापासून नियतकालिकाची परंपरा आपल्या भागातही आहे. मग त्रैमासिकाची दोन पाने या कामी का देऊ नयेत? वाचकांनी गेलेल्या माणसाचे नाव, जुने नाव ठाऊक असल्यास तेही, आईचे नाव, गाव आणि अंदाजे वर्ष कळवावे. धर्मगुरूंची परवानगी घेऊन, वही सांभाळून हाताळून, समासातील नोंद उतरवून घ्यावी. हा भाग १९८७ पासून नाशिक धर्मप्रांतात आहे आणि त्यापूर्वी पुणे धर्मप्रांतात होता, हे शोधकाने ध्यानात ठेवावे.

पुढच्या महोत्सवाच्या स्मरणिकेत 'पुढे मुंबईस गेले' या शब्दांनंतर निदान एक वाक्य अधिक यावे, एवढीच आमची अपेक्षा आहे. ते कोणत्या मंदिरात विवाहबद्ध झाले, कोणासमवेत, आणि त्यांच्या मुलांची नावे काय, हे त्या वाक्यात असावे. ती मुले आता वृद्ध झाली असतील. विचारावयाचे ते लवकर विचारावे.