शेण, गोणपाट आणि मुलाचे मन

शाळांतून आता विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी बरेच बोलले जाते. समुपदेशक येतात, मुलांनी खचू नये, कणखर व्हावे, असे सांगून जातात. सांगणे वाईट नाही. परंतु मूल कशाने खचते, हा प्रश्न पांढरपेशा मानसशास्त्राने फारसा विचारला नाही. तो दलित स्वकथनांनी विचारला. आणि आमच्या समीक्षेने ही पुस्तके वेदना, विद्रोह, नकार अशा कप्प्यांत लावून ठेवली.

ऊर्मिला पवारांचे 'आयदान' (२००३) घ्या. शाळेतल्या शेणावरून गुरुजी या मुलीवर हात टाकतात. दारात बसून बांबूची आयदाने विणणारी तिची विधवा आई गुरुजींना रस्त्यात गाठते, जाब विचारते. मार थांबतो. समीक्षकांनी या आईला धीराची मूर्ती करून टाकले. मात्र या प्रसंगात मुलीला कणखरपणाचे धडे कोणी दिलेले नाहीत. बदलावे लागले ते गुरुजींना. आमच्या लेखी प्रसंगाचे मर्म इथे आहे.

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपाई नसला की तहान तशीच. प्रौढपणी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' लिहिताना एवढा विद्वान माणूस ते गोणपाट विसरलेला नाही. तरीही 'अपमानातूनच माणूस घडतो' असे सूत्र आपल्याच सभांतून ऐकू येते. हे सूत्र घातक आहे. ज्यांनी आत्मकथने लिहिली ते तरून गेलेले. तिसरीतच ज्याने दप्तर टाकले, त्याचे पुस्तक कोणत्या ग्रंथालयात आहे? अपमानाला खत मानणारी समीक्षा त्या मुलाला दुसऱ्यांदा वर्गाबाहेर काढते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे १७ वे कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. चांगले आहे. पण तक्रार करणार कोण? वसईतल्या गासचेच पाहा. बाजूला नालासोपारा, पोटासाठी आलेल्यांच्या दाटीवाटीच्या वस्त्या. इथल्या कित्येक आया शाळा भरण्याआधीच लोकल पकडून कामावर गेलेल्या असतात. गुरुजींना रस्त्यात गाठायचे कोणी? ते काम शाळा समितीतल्या पालकांनी आणि वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी अंगावर घेतले पाहिजे.

गासपासून सोपाऱ्याचा स्तूप दूर नाही. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली तो उकरला. लोक त्या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणत. बांबू विणणाऱ्याच्या नावाने राजाचा कोट! सहलीत हे नाव मुलांसमोर मोठ्याने घेणारा शिक्षक दहा व्याख्यानांचे काम करील. जातीचे नाव शिवीसारखेच ऐकलेल्या पोराला ते एकदा राजाला जोडलेले ऐकू द्या.

अध्यापक विद्यालयांत 'आयदान'मधला तो प्रसंग वाचायला लावावा, आणि भावी शिक्षकांना निबंध आईवर नव्हे, गुरुजींवर लिहायला सांगावा.