कीपर कोण? आधी जागा तर सांगा!

२० डिसेंबर २०२५ ला टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी भारताचा संघ जाहीर झाला आणि लकडगंजच्या पानठेल्यांवर एकच प्रश्न फिरू लागला, "जितेशले काऊन काढलं बे?" अमरावतीचा जितेश शर्मा म्हणजे आपला माणूस. त्याच्या जागी कोण आला, तर संजू सॅमसन आणि ईशान किशन. मग नेहमीचं सुरू झालं. कुणी स्ट्राइक रेट काढला, कुणी सॅमसनची शतकं मोजली, कुणी म्हणालं की विदर्भाच्या पोरांचं दिल्ली-मुंबईत कुणी ऐकतच नाही.

या वादात मीही तावातावाने बोललोय. पण या वादाची मांडणीच मला चुकीची वाटते. आपण "दोघांत चांगला कोण?" असं विचारतो. निवड समितीसमोर मात्र हा प्रश्न त्या रूपात कधी आलाच नव्हता.

कीपरची जागा विचित्र असते. फलंदाज सहा-सात खेळतात, गोलंदाज पाच-सहा. चौथा वेगवान गोलंदाजही कधीतरी संघात शिरतो. ग्लोव्हज मात्र एकाच्याच हातात. २००४ च्या सप्टेंबरमध्ये दिनेश कार्तिक लॉर्ड्सवर पहिला वनडे खेळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये धोनी आला. त्यानंतर कार्तिक २०२२ पर्यंत भारताकडून अधूनमधून खेळत राहिला, कधी नुसता फलंदाज म्हणून, कधी राखीव म्हणून. तो वाईट खेळाडू होता असं कुणीच म्हणणार नाही. जागा एक होती आणि त्या जागेवर धोनी होता, एवढंच.

आता सॅमसन आणि जितेश. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये सॅमसनने सलामीला येऊन पाच डावांत तीन शतकं ठोकली: हैदराबादला बांगलादेशविरुद्ध १११, डरबनला १०७, जोहान्सबर्गला नाबाद १०९. मधल्या दोन डावांत भोपळा. पुढे इंग्लंडविरुद्धच्या पाच सामन्यांत मिळून ५१ धावा. म्हणजे चालला तर वादळ, नाहीतर काहीच नाही. तरी त्याचं काम काय हे स्पष्ट होतं. पॉवरप्लेमध्ये फक्त दोन फील्डर बाहेर असताना नव्या चेंडूवर तुटून पडायचं.

जितेशचं काम दुसरं. २७ मे २०२५ ला लखनौमध्ये आरसीबीला २२८ चं लक्ष्य होतं आणि १२३ वर चार गडी गेले होते. तिथून ३३ चेंडूंत नाबाद ८५ करून, तेही बदली कर्णधार म्हणून, त्याने सामना जिंकून दिला. आठवड्याने अंतिम सामन्यात १० चेंडूंत २४. फिनिशरचा हिशोब असा दहा-पंधरा चेंडूंचाच असतो. सलामीवीराच्या धावा आणि फिनिशरच्या धावा एका तक्त्यात घालून बेरीज करणं म्हणजे दाराची चौकट आणि छताची तुळई एकाच मापाने तोलणं. आमच्या लकडगंजात, जिथे आरामशीनचा आवाज लहानपणापासून कानात आहे, लाकूड घ्यायला गेलं की व्यापारी पहिल्यांदा विचारतो, "कायले पायजे?" कशासाठी हवंय ते कळल्याशिवाय तो फळीला हात लावत नाही.

निवड समितीने मात्र फळी आधी कापली आणि काम नंतर ठरवलं. माझा आक्षेप तिथेच आहे.

क्रम लावून बघा. सप्टेंबर २०२५ च्या आशिया कपला शुभमन गिल उपकर्णधार होऊन आला आणि सलामीला बसला. त्यामुळे तीन शतकं करणारा सॅमसन मधल्या फळीत ढकलला गेला. तिथे त्याचा सूर लागेना. मग साहजिकच विचार झाला की खालीच खेळवायचं असेल तर खाली खेळणाराच कीपर का नको? ऑस्ट्रेलिया दौऱ्यात होबार्टला जितेश आला, १३ चेंडूंत नाबाद २२ करून सामना संपवून गेला. दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या घरच्या मालिकेतही तोच कीपर. इकडे गिलला २०२५ मध्ये टी-ट्वेंटीत भारतासाठी एकही अर्धशतक करता आलं नाही. अखेर विश्वचषकाच्या संघातून गिललाच वगळलं. सलामीची जागा रिकामी झाली, तिथे सॅमसन परत गेला आणि ग्लोव्हजही त्याच्यासोबत वर गेले. राखीव कीपरही मग सलामीचाच हवा. दोनच दिवस आधी मुश्ताक अली स्पर्धेच्या अंतिम सामन्यात झारखंडसाठी शतक ठोकलेला किशन तिथे अचूक बसला. खालच्या जागेवर आता कीपरची गरज उरली नाही, तिथे रिंकू सिंग आला.

यात जितेश कुठे चुकला? कुठेच नाही. गिलसाठी संघाचा आकार बदलला तेव्हा एक खाच तयार झाली, ती जितेशने भरली. गिल गेला, खाच बुजली, जितेश बाहेर. शेवटची निवड एकटी पाहिली तर तिच्यात खोट काढता येत नाही. मी त्या खोलीत असतो तर कदाचित हाच संघ निवडला असता. पण त्याआधीचे तीन-चार महिने चुकीच्या नकाशावर घर बांधलं गेलं आणि नकाशा बदलल्यावर त्याची किंमत गवंड्याने मोजली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे यालाच 'बेंच' म्हणतात. क्लायंटने प्रोजेक्टची दिशा बदलली की उत्तम काम करणारा माणूसही एका शुक्रवारी बेंचवर जातो. माझ्या टीममधल्या एका पोराचं असंच झालं होतं. त्याला सगळ्यात जास्त छळलं ते एका प्रश्नाने: "माझं काय चुकलं?" त्याचं उत्तर "काहीच नाही" असं होतं. पण ते त्याला कुणी सांगितलं नाही, म्हणून तो महिनोन्‌महिने स्वतःतच दोष शोधत राहिला.

आता थोडं आपल्या घरात बघू, कारण "विदर्भावर अन्याय" ही ओळ फार सोपी आहे. विदर्भाकडेही कीपर दोन होते. दुसरा नागपूरचा अक्षय वाडकर. २०१७-१८ च्या रणजी अंतिम सामन्यात, इंदूरला दिल्लीविरुद्ध, त्याने १३३ केले आणि विदर्भ पहिल्यांदा चॅम्पियन झाला. २०२४ च्या अंतिम सामन्यात वानखेडेवर मुंबईने ५३८ चं अशक्य लक्ष्य दिलं, तेव्हा कर्णधार वाडकरने चौथ्या डावात शतक काढलं. सामना हरलो, पण पाचव्या दिवसापर्यंत लढलो. पुढच्याच वर्षी जामठ्याला केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर रणजी करंडक आला, तोही त्याच्याच नेतृत्वाखाली. भारताकडून मात्र तो एकही सामना खेळलेला नाही. त्याच्यासाठी पानठेल्यावर कोण भांडलं? आयपीएलमध्ये न दिसणाऱ्या माणसासाठी आपला विदर्भाभिमान जागा होत नाही, हे मान्य करायला हवं.

पण विदर्भाने एक गोष्ट नीट केली. २०२४-२५ च्या हंगामात लाल चेंडूचा कीपर वाडकर आणि पांढऱ्या चेंडूचा जितेश, अशी सरळ वाटणी होती. त्या हंगामात विजय हजारे स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध जितेशने ३३ चेंडूंत ५१ केले. रणजीत स्टंपमागे वाडकरच. ही वाटणी जितेशला गोड वाटली असेल असं नाही. पण ती उघड होती. आपल्यासाठी जागा किती आणि कुठे, हे दिसत होतं. पुढच्या हंगामात जितेश बडोद्याकडे गेला. आपल्याला वाईट वाटलं, पण तिशी ओलांडलेल्या माणसाने नकाशा बघून आपला रस्ता बदलला, यात गैर काय?

स्पष्ट नकार मिळाला तर माणूस दुसरीकडे दार ठोठावू शकतो. "तूच आमचा कीपर" असं वाटायला लावून मालिकेमागून मालिका खेळवलं आणि विश्वचषकाच्या यादीत नाव नसलं, तर त्याच्या हातात काहीच उरत नाही. कुठलं दार ठोठावायचं हेही कळत नाही.

म्हणून मला "जितेश की सॅमसन" या वादात बाजू घ्यायची नाही. सॅमसन सलामीला असेल तर तोच कीपर असावा, हे विदर्भाचा असूनही मी म्हणतो. माझी मागणी वेगळी आहे. मोठ्या स्पर्धेच्या सहा महिने आधी निवड समितीने नावं नाही सांगितली तरी चालेल, जागा सांगाव्यात. कीपर वर खेळणार की खाली? राखीव कीपर त्याच कामाचा हवा की वेगळ्या? एवढं जाहीर झालं तर सॅमसनला पाचव्या क्रमांकावर चाचपडावं लागणार नाही आणि जितेशला होबार्टमध्ये सामना जिंकवून नंतर "माझं काय चुकलं?" असा विचार करावा लागणार नाही.

आणि आपण? पुढच्या वेळी पानठेल्यावर कुणी स्ट्राइक रेटचा स्क्रीनशॉट दाखवला, तर लाकडाच्या व्यापाऱ्यासारखं विचारा, "कायले पायजे?" तेवढ्या एका प्रश्नाने अर्धा वाद मिटेल. उरलेला अर्धा घालण्यासारखा असेल, आणि त्यात एखाद्या वेळी वाडकरचंही नाव निघेल.